तीन वह्या, एक पाऊस

३ जुलै १९३३
सायन्सच्या सरांनी मॅट्रिकच्या वर्गातून तिघांना निवडलं. मी, मांडवीचा दादू आणि शेजारच्या आळीतली सगुणा. प्रत्येकाने आपल्या घरापुढच्या खळ्यात पर्जन्यमापक ठेवायचं, रोज सकाळी आठला पाऊस मोजून वहीत लिहायचा. तीन महिन्यांनी त्यातली उत्तम वही पुण्याला, हवामानाच्या अभ्यासासाठी. मी चीफ. (माझा मीच झालो.) निश्चय : साडेपाचला उठणे.

४ जुलै, सकाळी ९
आत्ताच उठलो. तासाभराने पाऊस काही आटत नाही.

९ जुलै
आई म्हणाली, तुझं भांडं म्हशीने पाडलंय. अंदाजाने लिहिलं : २ इंच १४ सेंट (इंचाचे शंभर सेंट). नुसते दोन खोटे वाटतात.

२२ जुलै
आठवडाभर लांज्याला, मामाकडे. रत्नागिरीचा पाऊस तिथूनच लिहिला. ढग इकडचेच तिकडे जातात.

५ ऑगस्ट
सगुणाला ताप. तरी इरलं घेऊन आठला खळ्यात! म्हटलं, एखाद दिवस अंदाज कर. म्हणाली, मग मोजायचं कशाला? घरी येऊन माझा आजचा अंदाज लिहिला.

३ ऑक्टोबर
वह्या दिल्या. माझी सप्टेंबरची शाई एकसारखी. एकाच बैठकीत लिहिल्याचा फायदा.

६ ऑक्टोबर
घात! सरांनी माझी वही निवडली. म्हणाले, एकही दिवस रिकामा नाही. दादूने चार दिवस कोरे सोडलेत, 'वाऱ्याने भांडं उडालं' असं लिहून. सगुणाला सर भर वर्गात म्हणाले, तुझे आकडे याच्याशी जुळत नाहीत, मोजताना चुकलीस. ती म्हणाली, सर, मी रोज मोजलंय. मग खाली बसली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उद्या सरांना सगळं सांगणार.

७ ऑक्टोबर
सर घाईत होते.

९ ऑक्टोबर
सांगितलं! म्हटलं, सर, माझे काही आकडे अंदाजाचे आहेत. त्यांनी पाठ थोपटली. खऱ्या शास्त्रज्ञाला स्वतःचा असाच संशय येतो म्हणे. 'काही' हा शब्द नडला.

१० ऑक्टोबर
सगुणाकडे गेलो. तिचीच वही सरांपुढे ठेवायची, एवढं पक्कं ठरवून. ती पडवीत तांदूळ निवडत होती. म्हणाली, परत मिळालेली वही आता नाही. आईने वहीच्या पानांत फणसाची साठं बांधून बाबांना मुंबईला धाडली, आगबोट सकाळीच सुटली. चुकीचे आकडे ठेवून काय करू, म्हणाली. मी म्हटलं, चुकीचे नव्हते. तिने मान वर केली नाही. म्हणाली, हे वर्गात बोलायचंस.

परतताना सर भेटले. म्हणाले, तुझी वही कालच पोस्टात पडली. पुढल्या पावसाळ्याआधी नव्या मुलांना मोजणी शिकवायचं काम माझ्याकडे. नाही म्हणणार होतो. हो म्हणालो.