लेबल काकडीचं होतं

आदरणीय अक्का,

तुम्हाला आणि साडूसाहेबांना नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि साडूसाहेबांनी मीठ खरंच सोडलं की फक्त तुमच्यासमोर सोडलं, ते कळवा. माझी तब्येत उत्तम आहे. म्हणजे डाव्या कानाला मधमाशी चावली आहे, मानेची कातडी उन्हानं सोलली आहे आणि उजव्या पायाच्या अंगठ्यावर शेळी उभी राहिली होती. एवढं सोडलं तर उत्तम आहे.

मी पत्रं लिहिणारा माणूस नाही, हे तुम्ही जाणताच. आमच्या घरची सगळी पत्रं हीच लिहायची आणि शेवटी ‘ह्यांचाही नमस्कार’ अशी एक ओळ टाकायची. त्या ओळीत माझा तीस-पस्तीस वर्षांचा पत्रव्यवहार आटोपला. पण परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ‘काय, रमलं का मन तिथं?’ आणि मी ‘हो’ म्हणालो, कारण फोनवर मला पटकन तेवढंच सुचतं. त्या ‘हो’चा खुलासा करणं भाग आहे, नाहीतर साडूसाहेब तो चारचौघांत आपला विजय म्हणून सांगत सुटतील.

आपलं ठरलंय ते मी विसरलेलो नाही. ही गेल्यापासून बंद असलेलं हे गावाबाहेरचं घर मी उन्हाळ्यात राहून आवरायचं, हिनं पाळलेली शेळी आणि तीन बदकं शेजारणीला देऊन टाकायची, आणि येत्या रविवारी तुम्ही शोधलेले दाताचे डॉक्टर विकत घ्यायचं म्हणून घर बघायला आले की त्यांना हो म्हणून टाकायचं. या सगळ्याला माझी पूर्ण संमती आहे. किंबहुना हे घर का ठेवण्यासारखं नाही, ते तुमच्या नीट लक्षात यावं म्हणूनच हे पत्र.

साडूसाहेबांनी निघताना मला खेड्यातल्या उन्हाळ्याचं जे वर्णन ऐकवलं ते माझ्या लक्षात आहे. पहाटेची झुळूक, पाखरांची किलबिल, झाडाखाली बाज टाकून पुस्तक वाचणं, स्वतः तोडलेलं फळ, धारोष्ण दूध. म्हणाले, ‘माणूस दहा वर्षांनी तरुण होतो हो तिथं!’ साडूसाहेब या घरी एकदा आले होते. सावलीतल्या खुर्चीत बसले, टोपलीभर तुती खाल्ली, हातात फावडं धरून फोटो काढून घेतला आणि ऊन चढायच्या आत निघाले. त्या फावड्याला माती लागली नव्हती. फोटोत स्पष्ट दिसतं. (मी स्वतः किती वेळा आलो होतो, हा इथे मुद्दा नाही. मी रविवारी यायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचो, कारण मला नोकरी होती. नोकरी संपल्यावर का परत जायचो, ते आता आठवत नाही.)

तर किलबिल. पाखरं किलबिलत नाहीत, अक्का, भांडतात. पहाटे साडेचारला माझ्या खिडकीबाहेरच्या तुतीवर जी सभा भरते तिचा सूर आमच्या कर्मचारी संघटनेच्या वार्षिक बैठकीचा असतो, आणि तशीच तीही काही न ठरता संपते. झाडाखाली पुस्तक वाचायचा प्रयोग मी तीन दिवस केला. पहिल्या दिवशी मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी एका पक्ष्यानं पान क्रमांक चाळीसवर आपलं मत नोंदवलं. तिसऱ्या दिवशी मी झोपलो आणि वरून पिकलेल्या तुती पडत राहिल्या. उठलो तेव्हा माझा पांढरा सदरा बघून दारावरून जाणाऱ्या पोस्टमननं सायकल टाकून ‘काका, कुणी मारलं?’ म्हणून धाव घेतली. तो सदरा आता पांढरा नाही. आधी जांभळा होता. साबण लावल्यावर त्याला जो रंग आला त्याला नाव नाही.

बदकांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. ती तिघं सकाळी एका रांगेत निघतात, बागेतल्या नळाखालच्या टाकीत बसतात आणि मी पाय धुवायला गेलो की माझ्याकडे अशी बघतात, जणू मी आत यायच्या आधी दार वाजवायला हवं होतं. मी हल्ली बादलीनं पाय धुतो.

आता धारोष्ण दूध. शेळीचं नाव हिनं ‘मास्तरीण’ ठेवलं होतं आणि ते बरोबर आहे. चष्म्यावरून बघितल्यासारखं बघते आणि समोरच्याला काही येत नाही हे तिला आधीच माहीत असतं. पहिले चार दिवस तिनं मला भांडं खाली ठेवू दिलं नाही. पाचव्या दिवशी ठेवू दिलं आणि त्यात पाय घातला. सहाव्या दिवशी अंगठ्याचा प्रकार झाला. शेवटी शेजारीण कुंपणावरून बघत होती ती आत आली. (शेजारीण म्हणजे ती मधाच्या पेट्या ठेवणारी, डोक्यावर जाळीची टोपी घालून फिरणारी बाई. हिची मैत्रीण. हिवाळ्यापासून जनावरांकडे तिनंच बघितलं. मला ती पहिल्या दिवसापासून भाऊजी म्हणते आणि पहिल्या दिवसापासून हसते. कानाला चावलेली माशीही तिचीच.)

‘भाऊजी, नुसतं पिळून काय होतंय? बोला की तिच्याशी!’ म्हणाली.

मी विचारलं, ‘काय बोलू?’

‘मला काय माहीत? तुमची ही तर अखंड बोलायची. बोलल्याशिवाय उभीच राहत नाही ती.’

अक्का, मी दवाखान्याच्या भांडारात एकतीस वर्षं भांडारपाल होतो. बोलणं हा माझा विषय नाही. माणसांशी जे जमलं नाही ते शेळीशी जमावं, ही अपेक्षाच मुळात खुळेपणाची. पण दूध काढलं नाही तर तिला त्रास होतो असं शेजारीण म्हणाली, म्हणून मी डोळे मिटून जे तोंडपाठ होतं ते सुरू केलं. सुती पट्टी, चार इंची. सुती पट्टी, सहा इंची. कापूस, निर्जंतुक. कापूस, साधा. हातमोजे, मध्यम. मास्तरीण उभी राहिली. हातमोजे, मोठे, येईपर्यंत पाव भांडं दूध निघालं होतं. शेजारणीला हसून ठसका लागला. त्यापुढच्या आठवड्यात मी भांडारातल्या सगळ्या मांडण्या संपवल्या, अगदी वरच्या फळीवरच्या बंद पडलेल्या दिव्यांसकट. त्यानंतर मला नाइलाजानं दुसरं काहीबाही बोलावं लागलं. ते काय, ते इथे लिहीत नाही. दुधाला वास येतो आणि मला ते आवडत नाही.

पण खरी फजिती बागेची झाली, आणि ती सांगताना मला माझी बाजू आधी मांडली पाहिजे. भांडारात एक नियम असतो. लेबल वाचायचं आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा. डबा उघडून बघायचा नाही, कारण उघडलेला डबा वापरलेला धरतात. हा नियम मी घरीही पाळला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी हिनं मीठ आणलं आणि रिकामा सापडला म्हणून साखरेच्या डब्यात भरलं. चहा मीच करून घ्यायचो. मी दोन दिवस खारट चहा प्यायलो आणि काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी हिनं माझ्या कपातला घोट घेतला, तो तसाच बाहेर थुंकला आणि म्हणाली, ‘अहो, तुम्हाला जीभ आहे की नाही?’ मी म्हणालो, लेबल साखरेचं होतं. ती गोष्ट तिनं तुम्हा सगळ्यांना कितीदा सांगितली असेल याचा हिशेब नाही. (साडूसाहेब अजून मला चहा देताना विचारतात, ‘मीठ किती चमचे?’ आता पुरे झालं असं त्यांना सांगा.)

तर इथे बागेत हिनं जुन्या लाकडी पट्टीचे तुकडे करून प्रत्येक वाफ्यात एकेक खोचून ठेवला आहे, वर तेलाच्या रंगानं नाव. बहुतेक वाफे वाळून गेले होते. पुदिना तेवढा कुणी न विचारता माजला होता. पण स्वयंपाकघराच्या दाराशी जो लांबट वाफा आहे त्यात ‘काकडी’ असं तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, आणि मी आलो त्याच आठवड्यात तिथे हिरवे कोंब दिसले. मी काकडी खात नाही. काकडी म्हणजे पाणी, फक्त चावावं लागतं. पण लेबल होतं, कोंब होते, आणि डॉक्टरांना घर दाखवताना एक तरी वाफा जिवंत असावा असं मला वाटलं. म्हणून मी त्याची देखभाल सुरू केली. सकाळ-संध्याकाळ पाणी. वेल चढायला काठ्या रोवल्या, त्यांना आडव्या दोऱ्या बांधल्या, भांडारातल्या मांडणीसारख्या, ओळंब्यात. झाडं चांगली फोफावली. वेल काही होईनात, सरळ वर वाढायला लागली, तेव्हा मी एकेकाला दोरीला बांधून चढायचं कसं असतं ते दाखवलं. बदकं येऊ नयेत म्हणून कुंपण केलं. भर दुपारी ऊन लागतं म्हणून त्यांच्यावर माझं धोतर बांधलं. पाच आठवडे, अक्का.

काल सकाळी शेजारीण मधाची बरणी घेऊन आली आणि वाफ्यासमोर थांबली.

‘भाऊजी, हे काय लावलंय?’

मी म्हणालो, ‘काकडी.’

तिनं टोपीची जाळी वर केली. ‘कुणी सांगितलं?’

मी लेबलाकडे बोट दाखवलं. तिनं लेबल बघितलं, काठ्या बघितल्या, धोतर बघितलं, आणि मग ती पालथ्या बादलीवर जी बसली ती उठेचना. ‘अहो, गवत आहे ते गवत! मास्तरीणसुद्धा तोंड लावत नाही त्याला! पाच आठवडे पाणी? वर मांडव! अगं बाई, तुझा नवरा बघ गं!’ शेवटचं वाक्य ती मला म्हणाली नव्हती. सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाली. आणि मग तिचं हसू थांबलं.

मी विचारलं, ‘मग लेबल का आहे?’ लेबल चुकीचं असेल हे मला पटत नव्हतं.

‘ते होय,’ तिनं पदरानं डोळे पुसले. ‘थंडीच्या आधी खोचून ठेवलं होतं तिनं. बी उन्हाळ्याच्या तोंडावर टाकणार होती. मी म्हटलं, अगं, आत्तापासून पाटी कशाला? तर म्हणते, जागा तरी धरून ठेवते.’

म्हणजे बसच्या सीटवर रुमाल टाकावा तशी. मग शेजारीण गेली. मी हातातली झारी खाली ठेवली. तिच्यात थोडं पाणी उरलं होतं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून वाफ्यात घालून टाकलं.

असो. तर एकूण हे असं आहे. पाखरं भांडखोर, फळं वरून पडणारी, शेळी उर्मट, दुधाला वास, आणि बागेत पाच आठवड्यांच्या मेहनतीनं आलेलं उत्तम प्रतीचं गवत. यात तरुण व्हायला कुठे जागा आहे ते साडूसाहेबांनी मला येऊन दाखवावं, आणि येताना तो फोटो आणावा. हे घर कुणा शहाण्या माणसानं ठेवण्यासारखं नाही, आणि दाताच्या डॉक्टरांचंही मला कौतुकच वाटतं. तुमच्या गुडघ्याला जपा.

तुमचा,
अक्का, इथे काय लिहायचं असतं ते मला माहीत नाही. ह्यांचाही नमस्कार.

ता. क. जनावरांची व्यवस्था व्हावी तशी झालेली नाही. बदकं न्यायला शेजारीण तयार आहे, पण बदकं तयार नाहीत. मास्तरणीला मी गुरुवारी रीतसर नेऊन दिलं होतं. संध्याकाळी शेजारीण तिला दोरीनं ओढत परत घेऊन आली. म्हणाली, ही आता माझं ऐकून घेत नाही, हिला कापूस आणि पट्ट्याच लागतात, आणि ते मला पाठ होणार नाही. तुमचं तुम्ही बघा.

ता. क. दुसरा. तुमची बहीण शेळीशी रोज बोलायची त्यात माझ्याबद्दल काही असायचं का, असं मी शेजारणीला सहज विचारलं. ती म्हणाली, ‘खूप असायचं,’ आणि पुढे सांगायला तयार नाही, नुसती हसते. तुम्हाला कधी काही बोलली असेल तर लिहा. वाईट असलं तरी चालेल.

ता. क. तिसरा. गवत आज सकाळी उपटलं. वाफा खणून ठेवला आहे, काठ्या आणि दोऱ्या तशाच ठेवल्या आहेत, कारण त्या सरळ आहेत. इथल्या दुकानात काकडीचं बी मिळालं नाही. तुमच्या बाजाराच्या कोपऱ्यावरच्या बियाणंवाल्याकडे मिळेल. ही तिथूनच आणायची, कोणतं ते त्याला ठाऊक असेल. या आठवड्यात पोचेल असं पाठवा. शेजारीण म्हणते, अजून उशीर झालेला नाही, पण काकड्या यायला दोन महिने जातात, आणि तोवर रोज कुणीतरी पाणी घालायला लागतं. मी काकडी खात नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा दाताच्या डॉक्टरांना रविवारी येऊ नका म्हणून कळवा. कारण विचारलं तर सांगा, जागा धरलेली आहे.