भिंतीपलीकडच्या बकऱ्या

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे गुडघे पुन्हा दुखताहेत असं कळलं. शिवणयंत्राला मोटर बसवून घे म्हणून चार वर्षं कानीकपाळी ओरडतोय, पण थोरलीनं धाकट्याचं ऐकायचं म्हणजे फारच झालं.

इकडे घोडीची धनुर्वाताची लस राहिली आहे. दरवर्षी चुकवत नाही, पण यंदा बागेत घोड्यावर बसायला मुलंच कमी आली. गाढवाचीही राहिली, कुत्र्याची रेबीजची तर गेल्याच महिन्यात द्यायची होती. डॉक्टर एवढ्या लांबून येतात, त्यांची फी दिली की एकाच लसीपुरते पैसे उरतात. तेव्हा यंदा नुसत्या घोडीला टोचावं म्हणतो. कुत्रा शहाणा आहे आणि गाढव काय, गाढवच आहे. पैसे पाठवू नकोस, पाठवलेस तर परत करीन.

मेव्हण्यांना नमस्कार. मधूनमधून आठवण काढत जा.

तुझा धाकटा

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आपला कुत्रा शहाणा आहे हे त्याला चावायला येणाऱ्या कुत्र्याला कोण सांगणार?

पैसे पाठवत नाही, तू नाकावर माशी बसू द्यायचा नाहीस. पण डॉक्टरांची येण्याची फी एका जनावराला जेवढी, वीस जनावरांना तेवढीच. तुझ्या भिंतीपलीकडे बकरीवाल्या बाईंच्या बारा बकऱ्या आहेत. त्यांना विचार. तीन वर्षांपूर्वी बकरीनं घोडीचा चारा खाल्ला आणि तू त्यांना नाही नाही ते बोललास. चूक कुणाची ते मी विचारत नाही. तू जा.

रागावलास तरी चालेल, पत्र मात्र लिही.

तुझी ताई

दि. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो. बाईंनी दार उघडलं. मी कसंबसं लसीचं बोललो. तेव्हा शांतपणे म्हणाल्या, गेल्या वर्षी दोन दिवसांत पाच करडं गेली. लस टोचली असती तर वाचली असती, पण एकटीला डॉक्टर परवडेना. तुम्हाला विचारावं म्हणून दोनदा भिंतीपर्यंत आले आणि परत फिरले.

ताई, ते दोन दिवस मी भिंतीच्या अलीकडेच होतो. त्यांचं रडणं ऐकत घोडीला खरारा करत होतो. हे तुलाही कधी सांगितलं नाही. त्यांना सांगितलं. मग त्यांनी डॉक्टर कोणत्या वारी येतात ते विचारलं.

बुधवारी सगळी जनावरं माझ्या अंगणात आली. बकऱ्यांच्या लसीची बाटली एकदा उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते, म्हणून बाईंनी त्यांच्या जावेच्याही बकऱ्या बोलावल्या होत्या. फी वाटून घेतली. कुत्र्याला गाडीखालून ओढून काढावं लागलं. गाढव शूरासारखं उभं राहिलं, माझे शब्द मागे घेतो. घोडी सुई बघून मागच्या पायांवर उठली, तेव्हा बाई तिच्या कपाळाला कपाळ टेकवून उभ्या राहिल्या. टोचलेलं तिला कळलंसुद्धा नाही.

काल सकाळी भिंतीवरून हाक आली. बकरी व्यायली होती, दोन करडं. बाईंनी एक ओलं करडू माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, नीट धरा, दुसरं पुसायचंय. तासभर धरून बसलो होतो.

अशीच कान धरत राहा.

तुझा धाकटा