पॉमराक हिलचं सविस्तर उत्तर

२ जून, सोमवार
सचिवबाई मिसेस होसेन यांनी प्रश्न माझ्याच टेबलावर ठेवला. साहजिक आहे. अख्ख्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये मंत्र्यांची उत्तरं माझ्यासारखी कुणी लिहीत नाही. शुक्रवार, १३ तारखेला सभागृहात येणार. विचारणारे विरोधी पक्षाचे मिस्टर अलेन. (अ) पॉमराक हिलवरच्या झोपड्या पाडण्याआधी रहिवाशांशी चर्चा झाली का? (ब) पर्यायी घरं कुठे? (क) तिथल्या नव्या बांधकामावर किती स्थानिकांना रोजगार?

जेवणाआधी ड्राफ्ट तयार. (अ) होय, सविस्तर. (ब) विचाराधीन. (क) लक्षणीय.

होसेनबाईंनी विचारलं, चर्चा कधी झाली? म्हटलं, शुक्रवारच्या आत होईल. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मग करून या, मिस्टर बिसून."

उपसंचालकपद यंदा नक्की. उद्यापासून सकाळचे डबल्स, ते तळलेल्या पुऱ्यांतले छोले, बंद. उपसंचालकाला पोट शोभत नाही.

३ जून
बायकोला, ग्लोरिसला, सांगितलं. ती म्हणाली, "अरे एल्टन, माझा भाऊ राहतो तिथे!" म्हटलं, म्हणून तर सोपं आहे, आतला माणूस आपलाच. डेलरॉय गवंडी. दोन खोल्या स्वतःच्या हातानं बांधल्यात, परवानगी न घेता. त्याला मी आवडत नाही, पण तो गैरसमज आहे.

डबल्स खाल्ले. एकच प्लेट. मग अजून एक.

५ जून
चर्चा पार पडली.

कर्णा घेऊन गेलो. "माननीय रहिवासीहो" अशी सुरुवात केली. एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "माननीय कोण गं? तू का?" लोक हसले. वातावरण खेळीमेळीचं. मग मी "स्थलांतर" हा शब्द वापरला आणि माशांच्या आतड्यांची बादली माझ्या डोक्यावर आली. पाठोपाठ दगड. समोरचा एक दात गेला. ड्रायव्हरनं गाडी आधीच वळवून ठेवली होती, हे मला आवडलं नाही.

डेलरॉयनं माझी कॉलर धरली. मला वाटलं, वाचवतोय. त्यानं पोटात दोन गुद्दे घातले आणि म्हणाला, "हे बहिणीमुळे दोनच." म्हणजे नात्याची जाण आहे.

ड्राफ्टमध्ये भर: दोन्ही बाजूंनी आपली मतं मोकळेपणानं मांडली.

६ जून
डेंटिस्टकडे जाऊन आलो. आता (क). कंत्राटदार मिस्टर फिलिबर्टला फोन केला. स्थानिक किती? म्हणाला, एकही नाही. म्हटलं, मंगळवारच्या पाडकामाला तरी घ्या, मला आकडा दाखवायचाय. त्यानं विचारलं, "शेजारच्या मँगो रिजची पोरं चालतील? ती तयार आहेत. जरा जास्तच तयार आहेत."

नकाशा पाहिला. मतदारसंघ तोच. चालतील, म्हटलं.

या दोन टेकड्यांचं पूर्वीपासून वैर आहे, गेल्या वर्षी त्यांचा एक मेला, यांचा एक मेला, हे मला ठाऊक आहे. पण हाताला काम मिळालं की माणूस निवळतो. हा मुद्दा कधीतरी लेखातून मांडीन.

१० जून, मंगळवार
वरची तारीख दोनदा चुकीची लिहिली. उष्म्यामुळे.

बुलडोझरच्या पुढे मँगो रिजची पोरं लोखंडी सळया घेऊन चालत होती. मी फिलिबर्टला विचारलं, सळया कशाला? म्हणाला, अवजारं. त्यातला एक जण घरांकडे बघत ओरडला, "आमच्या मार्लनला मारलंत, आता भरा!" बस. वरून बाटल्या आल्या, पेटत्या. एका पोराच्या हातावर कोयता पडला. बोटं खाली मातीत, आणि तो ती शोधत होता. पत्रे पेटले. कालची ती "माननीय कोण गं" म्हणणारी म्हातारी (काल नव्हे, गुरुवारी) केसांना धरून ओढली जात होती.

मी जीपखाली होतो. तिथून सगळं नीट दिसतं.

डेलरॉय आपल्या दारात उभा राहिला. हलला नाही. तिघांनी त्याला सळयांनी झोडपलं. तो पडला, आणि बुलडोझरवाल्याला धुरात दिसलं नसावं. भिंत त्याच्या पायावर आली. मी "थांबा" असं ओरडलो. म्हणजे म्हणालो.

ग्लोरिस कुठून आली कळलं नाही. घरातल्या चपलांवर. जीपजवळून धावत गेली, माझ्याकडे पाहिलं, थांबली नाही. हातांनी विटा उपसत होती. नखं निघाली तिची.

मी बाहेर यायच्या बेतात होतो.

११ जून
हॉस्पिटल. गुडघ्याखालचा पाय वाचणार नाही.

ग्लोरिसनं एकच विचारलं, "ती पोरं कुणी आणली?" मी तिला (क) समजावून सांगितला. सविस्तर. तिनं बँडेज बांधलेल्या हातानंच मला थोबाडीत मारली. टाका तुटला असणार. रक्त माझ्या शर्टावर. म्हणाली, "घरी जा. मी येणार नाही. उद्या नाही, कधीच नाही."

थकली आहे.

शर्ट भिजत घातलाय. ड्राफ्टमध्ये (क) नीट केला: स्थानिकांचा प्रतिसाद उत्साहपूर्ण. मग तो शब्द खोडला. मग परत लिहिला.

१३ जून, शुक्रवार
अधिकाऱ्यांच्या बाकावर बसलो, मंत्रीबाईंच्या अगदी मागे. उत्तर त्यांच्या हातात होतं. शर्ट नवा.

सभापतींनी मिस्टर अलेन यांचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. मागून कुणीतरी म्हणालं, "चहाला गेलेत." सभापती म्हणाले, सदस्य गैरहजर, प्रश्न बाद. पुढचा प्रश्न कोंबड्यांच्या खाद्याबद्दल.

मंत्रीबाईंनी माझा कागद पर्समध्ये टाकला. त्यावर लिपस्टिक टिपली. बाहेर होसेनबाईंना विचारलं, उत्तर रेकॉर्डला लावू का? म्हणाल्या, "कसलं उत्तर?"

तिथून थेट हॉस्पिटलमध्ये. ग्लोरिस आत येऊ देणार नव्हती. पलंगावरून डेलरॉयच म्हणाला, "येऊ दे त्याला." पांघरूण एका बाजूला सपाट. मी काही बोलायच्या आधीच त्यानं विचारलं, "आज होतं ना सभागृहात? काय म्हणालात आमच्याबद्दल?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. वाद घातला नाही. शिवीही दिली नाही. ग्लोरिसनं त्याची उशी सरळ केली.

खोलीत एकच खुर्ची होती. ग्लोरिस तिच्यावर बसली. मी उभा राहिलो. मग निघालो.