अंजूच्या आईचा हेवा

प्रिय रुचू,

आज अंजूची आई, देवकीबाई, तिला घेऊन आपल्या बिरसीला आल्या होत्या. त्यांच्यासमोर मी काय बोलून बसले, ते घरात कोणालाच सांगता येईना. म्हणून तुला लिहिते आहे.

अंजू आठवते ना? नागपूरच्या वॉर्डात तुझ्या शेजारच्या खाटेवर होती. दोघींना रक्ताचा कॅन्सर, दोघींना तीच औषधं. ती बरी झाली. तू आठव्या वर्षीच गेलीस.

आता ती दहावीत आहे, पण दिसते सहावीतल्या मुलीएवढी. पाय ओढत चालते. डॉक्टर म्हणाले, त्या औषधांनीच हाडं नीट वाढली नाहीत. स्टेरॉइडनं खुब्याचं हाडही खराब झालंय. देवकीबाई रडत होत्या. "पोरीची उंचीच खुंटली जी. हिचं कसं होईन?"

माझ्या मनात आलं, बुटकी का असेना, तुमच्या अंगणात चालते ना? मी बोलूनच गेले, "मले अशी जरी देली असती देवानं, तं मी रडली नसती."

दारात अंजू उभी होती. तिनं ऐकलं. "पाय लय दुखते काकू," एवढंच म्हणाली.

मला लाज वाटली. पण खरं सांगू? हेवा गेला नाही. देवकीबाईंजवळ आई म्हणून कुरकुरणारं कोणीतरी आहे, याचासुद्धा हेवा वाटला.

तू तो ताप का लपवलास गं? चार दिवस घरी सोडलं होतं, तुला परत दवाखान्यात जायचं नव्हतं. "आंग काऊन तापून राहिलं वं?" मी विचारलं. "चुलीजवळ बसली होती," तू म्हणालीस. आणि मी मानलं. त्याच तापात तू गेलीस. कधी तुझ्यावर रागावते, कधी स्वतःवर.

चहा पिताना अंजूनं विचारलं, "रुचू आता केवढी असती?" मी हात तिच्या डोक्याच्या वर नेला. मग आठवलं, तीच औषधं तुलाही होती. हात खाली आणला, तिच्याएवढा. ती पहिल्यांदा हसली.

सोमवारी तिला नागपूरला हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. तिचे वडील राईस मिलमधून सुटत नाहीत. "मी येते," मी म्हणाले. तू गेल्यापासून मी त्या शहरात पाऊल ठेवलेलं नाही.

हेवा वाटणार नाही, असं वचन देत नाही, रुचू. पण पोर बरी आहे म्हणाली, तरी मी अंगाला हात लावून बघीन.

तुझीच,
आई