दोन खुर्च्यांचा दवाखाना

३ फेब्रुवारी
सांगून टाकलं. जेवताना. "बाबा, पुढच्या महिन्यापासून मी दवाखान्यात येणार नाही. बाहुल्या करणार, नाटकाच्या."

ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. ताट तसंच ठेवून उठले. आई म्हणाली, "दातांची डॉक्टर बाहुल्या करते, हे लोकांना सांगू कसं?" म्हटलं, असंच सांग.

मागचं आवरताना हातातून पेला निसटला. याच हाताने रोज लोकांच्या दाढा काढते!

४ फेब्रुवारी
बाबांचा अबोला. पेशंटसमोर तेवढं – "कापूस दे."

२ मार्च
मैत्रिणीचं रिकामं गॅरेज मिळालं, राहायलाही तिच्याकडेच. दिवसभर लाकूड तासलं. केसांत भुसा, बोटाला चिरा, पाठ धरलेली. जेवायचं राहून गेलं हे अंधार पडल्यावर लक्षात आलं. दवाखान्यात दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे मी.

१९ मे
पहिलंवहिलं काम परत आलं. शाळेच्या बाई बाहुल्यांची पिशवीच घेऊन दारात. "मुलं घाबरतात हो. फारच खऱ्या वाटतात."

दार लावलं, पिशवी न उघडताच कोपऱ्यात ठेवली. संध्याकाळी आईचा फोन – "दवाखान्यातली तुझी खुर्ची रिकामीच ठेवलीय त्यांनी. कुणाला बसू देत नाहीत." जावं का परत? आज पहिल्यांदा वाटलं, जावं.

२० मे
नाही गेले.

११ ऑगस्ट
शेजारच्या शिंप्याने त्याच्या दुकानाच्या काचेत माझी म्हातारी बाहुली ठेवली होती, गंमत म्हणून. आज एक दाढीवाला माणूस तिला काखेत मारून थेट गॅरेजमध्ये! बाहुल्यांची नाटक कंपनी आहे त्याची.

"हिचा जबडा कुणी केला?"

"मी."

"सगळ्यांच्या बाहुल्या नुसत्या तोंड उघडतात. ही बोलते."

आता माणसाचा जबडा उघडताना किंचित पुढे सरकतो, हे मला कळणार नाही तर कुणाला? पूर्ण नाटकाच्या बाहुल्या करायला सांगून गेला. मी हो म्हटलं की नुसती मान हलवली, आठवत नाही.

२२ नोव्हेंबर
पहिला प्रयोग. मागे जादा खुर्च्या टाकाव्या लागल्या. पोरं हसली, मोठी माणसं त्यांच्याहून जास्त. शेवटी दाढीवाल्याने ओढून रंगमंचावर नेलं. टाळ्या थांबेनात. या माझ्यासाठी आहेत, हेच डोक्यात शिरेना.

आणि शेवटच्या रांगेत बाबा. मला वाटलं दुसरंच कुणी असेल.

नंतर आत आले. म्हातारी हातात घेतली, तोंड उघडून दिव्याखाली धरलं, पेशंटला बघतात तसं. "वर डावीकडे एक दाढ कमी आहे." एवढं बोलून गेले. नऊ महिन्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी हसत सुटले, मग रडले. दाढीवाला पाणी घेऊन धावला.

९ डिसेंबर
आणखी दोन कंपन्यांनी विचारलंय. मदतीला माणूस घ्यावा लागणार. मला! कामाला माणूस!

१५ डिसेंबर
आईचा फोन. बाबांनी दवाखाना विकला. तिलाही न विचारता. "यांना झालंय तरी काय?" म्हणाली. माझ्यामुळे? माझ्यामुळेच. आज एकही काम धड झालं नाही.

१६ डिसेंबर
सकाळी बाबा गॅरेजच्या दारात. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "दात मला कधी आवडलेच नाहीत. तुझ्या आजोबांनी दवाखान्यात बसवलं, बसलो. वाटलं, तुला तरी आवडतील."

मी त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं. विचारलं, "मग बाबा, तुम्हाला काय करायला आवडतं?"

त्यांनी एक अर्धवट बाहुली उचलली, परत ठेवली. मग म्हणाले, "माहीत नाही गं. मला कुणी विचारलंच नव्हतं."