ओव्यानं उरलेली एक शिंक

पाचगणी, एप्रिल १९४६

थोरल्या आक्काच्या पायांवर गुंडाचं डोकं.

मी बरा हाय. मोटारीवर क्लीनर लागलोय. इथं सायबाचं कुत्रं बी स्वेटर घालतं! मी न सांगता घर सोडलं म्हणून आलेला आबांचा राग उतरला का?

रस्त्याकडंच्या सिल्वर ओकच्या झाडांना फुलं आली, तसं माझं नाक बिघडलं. तुझी ओव्याची पुरचुंडी हुंगून गुण आला. धा शिंकांची एकच राहिली, अन् तिथंच घोळ झाला. दोन शिंका शुभ, एक अपशकुन. मी गाडी चालू करायला हँडल मारताना शिंकलो, की ड्रायव्हर नाथाजी गाडी हलवतच न्हाई. "गुंड्या, जोडीची काढ, न्हाईतर उतर!" उतारू माझ्या नाकाकडं बघत बसत्यात. मालक दुसरा क्लीनर शोधतोय.

आक्का, ही शिंक जाईल असं औषध लवकर धाड. ते नसंल, तर दुसरी येईल असं तरी धाड.

तुझा धाकटा,
गुंडा