कोरी बाटली

७ जानेवारी २००२, शिनोली

आले एकदाची. घोडेगाव सोडल्यापासून एस.टी.नं हाडं खिळखिळी केली, पण इथं उतरले आणि शीण पळाला. पाणी तपासायची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, त्यांच्या मागं माझी राहायची एक, आणि खिडकीबाहेर कांद्याचे हिरवेगार वाफे. भोसरीच्या कारखान्यात आठ वर्षं काढलेल्या बाईला आणखी काय हवं? इथली तपासणी नीट होते की नाही यावर नजर ठेवायची, हे माझं काम. आई म्हणाली, इंद्रायणी, दुसऱ्याच्या चुका काढायचा कुणी पगार देतं का गं? म्हटलं, घरी इतकी वर्षं फुकट काढल्या, आता पगारी काढीन.

मदतीला कमरुद्दीनचाचा आहेत. जुन्नरहून रोज येतात, बाटल्या धुतात, नमुने आणतात. त्यांच्या खातूनचाचींनी माझ्यासाठी शेवयांची खीर पाठवली होती. डबा मी एकटीनं संपवला.

९ जानेवारी

नोंदवही चाळली आणि डोकं फिरलं. कोरी बाटली अशी नोंदच नाही, एकाही वर्षी. इतकी साधी गोष्ट! शुद्ध पाण्यानं भरलेली एक बाटली नमुने घ्यायला निघताना बरोबर न्यायची, विहिरीवर तिचं टोपण उघडायचं, परत लावायचं आणि घरी आणून बाकीच्या बाटल्यांसारखीच तपासायची. ती शुद्धच निघाली पाहिजे. नाही निघाली तर घाण विहिरीतली की आपल्या हाताची, हे सांगता येत नाही आणि त्या दिवसाचे सगळे आकडे रद्द. चाचांना विचारलं तर म्हणाले, ते या बाजूला चालत नाय मॅडम. माझ्याआधीचे सावळेराम पंधरा वर्षांत एकदाही घेऊन गेले नाहीत म्हणे. चालत नाही म्हणजे काय? मी चालवून दाखवीन.

११ जानेवारी

डिंभ्याच्या रस्त्याला लागून वर चढलं की एक वाडी आहे, चाळीस घरांची, सगळ्यांना मिळून एक विहीर. आज चाचा आणि मी तिथं गेलो. ठमाबाईंच्या ओसरीवर चहा झाला. त्यांची सून स्नेहल तीन महिन्यांच्या ऋषीला घेऊन बसली होती. पोराचे ओठ जांभळट, नखं निळसर. आईचं दूध आटलंय, म्हणून पावडरचं देतात आणि त्यासाठी विहिरीचं पाणी खळाखळा उकळतात. पाण्यात नायट्रेट असलं तर उकळून ते आणखीच दाट होतं आणि असल्या तान्ह्या पोरांचं रक्त निळं पडतं. पाणी ताबडतोब बंद करा म्हटलं. शिनोलीच्या हापशाचं पाणी मी स्वतः कॅनमधून आणून देईन असं कबूल केलं. वाडीकरांचं ठरलंय, माझा तपासणीचा कागद हातात आला की विहीर बंद करायची आणि टँकर मागायचा. तेव्हा कागद लवकर व्हायला हवा.

विहिरीवर कोरी बाटली उघडली तशी ठमाबाईंनी माझा हातच धरला. भरलेलं भांडं हिरीला दाखवून माघारी न्हेऊ नये बाई, आणलंच तर हितंच वतावं, न्हाईतर पाणी मागनं येतं. चाचाही हळूच म्हणाले, ओतून टाका मॅडम. मला हसू आवरेना. म्हटलं, येऊ दे की मागं, चहा पाजू.

१४ जानेवारी

पाणी आटवून रसायन घातलं की नायट्रेटचा पिवळा रंग चढतो आणि यंत्र तो रंग मोजतं. पंचेचाळीसच्या वर गेलं की पिण्यालायक नाही. विहीर निघाली २१२. कोरी बाटली ३१.

एकतीस! मी चाचांवर नको तितकी चिडले. बाटल्या अशा धुतात का, म्हटलं. ते संक्रांतीचा तिळगूळ टेबलावर ठेवून गेले. आकडे रद्द. कागद अडला. रोज संध्याकाळच्या आत कॅन मात्र पोचवतेय.

१८ जानेवारी

या वेळी बाटल्या मी स्वतः धुतल्या, आम्लात बुडवून, तीनदा. कोरी बाटली पिशवीत न ठेवता हातात धरून नेली. विहीर १२५. कोरी ११८.

चाचांसमोर मान वर करवेना. माफी मागायला हवी होती, मागितली नाही. पुण्याच्या साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, नियम तुमचाच, कोरी बाटली घाण असताना मी सही कशी करू? खरंच आहे. पण पोर आणखी निळं दिसतंय. स्नेहल म्हणाली, बाई, तुमी आणता त्येच पाणी देते, दुसरं एक थेंब न्हाई.

मग असं का व्हावं?

२१ जानेवारी

विहीर ३१. कोरी २१२.

तीनदा मोजलं. तिन्ही फेऱ्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. दर वेळी दोघींची बेरीज दोनशे त्रेचाळीस. विहिरीतून जितकं जातंय तितकं माझ्या बाटलीत येतंय. असं कुठं असतं?

शुद्ध पाण्याचा साठा तपासला. पिवळा. पुण्याहून नवा सीलबंद कॅन मागवला.

२२ जानेवारी

जीपवाल्यानं कॅन ओसरीवर उतरवला. तिथंच त्याच्या हातून एक भांडं भरून घेतलं, आणि मी उचलून आत आणल्यावर दुसरं. दोन्हींत रसायन घातलं. त्याच्या हातचं पाणी स्वच्छ. माझ्या हातचं हळदीसारखं पिवळं.

हात धुतले. कशानं धुतले, पाण्यानंच ना.

२४ जानेवारी

चाचांना एकट्यांना वाडीवर पाठवलं, कोरी बाटली न देता. नमुना त्यांनीच तपासला, मी लांब उभी राहून सांगत गेले.

नऊ. विहिरीत आता फक्त नऊ. चाचा खूश झाले, अल्लाचं करणं म्हणाले.

ते गेल्यावर मी माझा माठ तपासला. दोनशे चौतीस.

आणि मग तो कॅन आठवला. शिनोलीच्या हापशाचं चांगलं पाणी. मी भरत होते, मी उचलत होते, मी त्या पोराच्या दारात ठेवत होते. तेरा दिवस.

देवा, मी काय केलं.

२५ जानेवारी

चाचांकरवी निरोप पाठवला. माझं पाणी ओतून टाका, विहिरीचंच द्या, आता ते चांगलं आहे. का ते सांगितलं नाही. ज्या गोष्टीला मी दात काढून हसले, ती आता कुठल्या तोंडानं सांगू? चाचांना म्हटलं, मला ताप आहे, कुणी आत येऊ नका.

ओतायला जायचं म्हटलं तरी ओतणार काय? पहिल्या दिवशीची बाटली तपासणीत संपली. आता ते माझ्यात आहे. आणि मी विहिरीवर गेले, तर माझ्यातलं ते विहिरीत उतरणार आणि उद्या ऋषीच्याच बाटलीत जाणार.

आईला पत्र टाकलं. येऊ नकोस म्हणून.

२८ जानेवारी

चाचांनी खिडकीतून सांगितलं, पोर सुधारतंय. ओठ लाल झालेत. रात्री हसलं म्हणे.

रडले. खूप वेळ रडले, आनंदानं. नंतर डोळ्यातला थेंब काचेवर घेतला आणि रसायन घातलं.

पिवळा.

३० जानेवारी

खोलीची जमीन ओली. पुसते, परत ओली. छत कोरडं, भिंती कोरड्या, फक्त मी बसते तिथं —

तहान लागते, पीत नाही. तरी घाम येतो. जिथं टपकतो तिथं ओल उठते आणि दाराकडे सरकते. दाराकडेच. बाहेर माणसं आहेत म्हणून —

फटीत गोधडी कोंबली. चालेल. ऋषी लांब आहे, तेवढं पुरे. मी इथंच राहीन.

३१ जानेवारी, सकाळ

गोधडी भिजून चिंब.

बाहेर बायकांचा आवाज. ठमाबाई. स्नेहल. चालत आल्यात, वाडीवरून, एवढ्या लांब. ऋषीला घेऊन. ज्या बाईनं जीव वाचवला तिच्या मांडीवर पोर घालायचं म्हणतात. दुधाची बाटलीही आणलीय, बाईंच्या हातनं पाजायची म्हणे —

नको म्हणाले. ओरडले. ताप आहे, जा. स्नेहल म्हणते, तापाला कोण भितंय बाई, तुमी आमच्या घरच्या.

खरं सांगते आता. सगळं सांगते. चाचा, ऐका, ठमाबाई म्हणाल्या ते —

ऐकत नाहीत. पोर रडतंय, भूक लागलीय त्याला. चाचा म्हणतात, मॅडम तापात बडबडायला लागल्या, एकटीला असं सोडणं बरं नाही. बाहेरून दार रेटतायत. कडी हलतेय. मी पाठ लावून बसलेय, पण खाली पाणी, पाय ठरत नाहीत, आणि पाणी माझ्या आधी दाराखालून —

चाचा, पोराला मागं घ्या, आधी पोराला मा